दोन हात ढील

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि मी शिक्षकांच्या खोलीत सातवीच्या निबंधांच्या वह्या पिशवीत भरत होतो. शिपायानं येऊन सांगितलं, फाटकाशी एस.टी.चा कंडक्टर उभा आहे. उंद्रीकडून बुलढाण्याला येणाऱ्या गाडीवरचा हा कंडक्टर माझ्या ओळखीचा. माझी धाकटी बहीण कौसा उंद्रीला राहते. तिची वांगी, मेथीच्या जुड्या, कधी नुसताच निरोप, हे सारं त्याच्या हातून यायचं. त्या दिवशी त्याच्या हातात काहीच नव्हतं. "गुरुजी, दर्याबापू गेले," तो म्हणाला. "सकाळी विहिरीवर गेले अन् तथीच बसले. मंग उठलेच नाई." मी त्याला विचारलं, "कोण?" ऐकू तर नीट आलं होतं. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी भलतंच काही चाललं होतं... दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी मी त्यांच्याकडे जाणार होतो. हे 'रविवारी जाणार' मी पाच रविवार म्हणत होतो.

दर्याबापू हे नाव गावानं थट्टेनं ठेवलेलं. ते म्हणजे कौसाचे यजमान, पुंडलिकराव. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याचे गुण सांगायचे असतात हे मला कळतं. विद्यार्थ्यांना मी तसंच शिकवतो. पण त्यांच्या गुणांची यादी करण्याचा मला काय अधिकार? मला त्यांना फक्त एक शब्द सांगायचा होता. तो मी वेळेवर सांगितला नाही. आज लिहायला बसलो आहे तो एवढ्याचसाठी, आणि रविवारी जाण्यासारखं ज्याचं कोणाकडे काही बाकी असेल त्यानं वाचलं तर बरं, म्हणून.

पुंडलिकराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. जन्म उंद्रीचा, नोकरीची पहिली वर्षं चिखली-मेहकरच्या रस्त्यांवर ब्रासनं खडी मोजण्यात गेली. मग विदर्भ धरून नवं राज्य झालं आणि बदल्यांचा हुकूम निघाला तेव्हा इकडचा माणूस तिकडे पडला. यांना मिळाली रत्नागिरीकडची खाडी. खाडीवर एक धक्का बांधायचा होता. आमच्या आईनं तर रडून घर डोक्यावर घेतलं. तिच्या हिशेबी कोकण आणि काळं पाणी यांत फारसं अंतर नव्हतं. मी त्याच सुमारास शाळेत आलेला नव्या राज्याचा नकाशा एक जास्तीचा मागवला आणि निरोपाच्या जेवणाच्या दिवशी पुंडलिकरावांना दिला. त्यांनी तो ओसरीवर पसरला, आपला जिल्हा शोधला, मग बोट सरकवत सरकवत पश्चिमेला नेलं आणि वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावरून हळूच फिरवलं. "दादा, हा बंदा किनारा आता आपलाच म्हणा," ते म्हणाले. "आपलाच हाय तं पाहून घेतला पाह्यजे." मी म्हणालो, "जवाईबापू, आपल्या सात पिढ्याइत कोणाचा गुडघा कधी पाण्यात भिजला नाई." सगळे हसले. तेही हसले, पण त्यांचं बोट नकाशावरून उठलं नाही.

चार वर्षांत त्यांनी तो धक्का बांधला आणि बांधता बांधता समुद्र शिकले. दर रविवारी एका म्हाताऱ्या तांडेलाबरोबर त्याच्या होडीतून बाहेर जायचे. पुढे त्याचीच एक जुनी शिडाची होडी विकत घेतली, डागडुजी केली आणि तिच्यावर नाव रंगवलं, 'पैनगंगा'. आमची पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरात उगवते आणि पूर्वेकडे तोंड करून निघून जाते, पश्चिमेच्या समुद्राचा आणि तिचा काही संबंध नाही. मी पत्रातून ही चूक दाखवून दिली. त्यांचं उत्तर आलं, नदीला कुठं माहीत आहे.

मग त्यांनी लांबलचक रजा काढली आणि दिवाळीनंतर, समुद्र शांत झाल्यावर, कौसाला घेऊन त्या होडीतून वेंगुर्ल्याहून निघाले. डहाणू गाठायचं, घाई करायची नाही, दिवसा चालायचं आणि ऊन उतरायच्या आत कुठल्या तरी खाडीत शिरून मुक्काम करायचा. पहिले आठ दिवस तो म्हातारा तांडेल बरोबर होता, पुढे दोघंच. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून असले छंद सुचतात असं आमच्या गावात बोललं गेलं. बोलणाऱ्यांत मीही होतो. कौसा तेव्हा पस्तिशीची असेल. नदीच्या डोहातसुद्धा न उतरलेली ही पोरगी समुद्रावर स्वयंपाक करत होती आणि शिडाची दोरी ओढत होती, हे मला कितीही प्रयत्न केला तरी डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं.

तिची कार्डं मात्र येत होती. प्रत्येक मुक्कामावरून एक. तिला अक्षरओळख मी करून दिलेली, चौथीपर्यंत शाळाही झालेली. पण लिहायची ती बोलते तसंच. मालवणहून तिनं लिहिलं होतं, 'दादा, अथी पाणी दिवसातून दोनदा गावाले जाते अन् दोनदा वापस येते. कोणी बोलावत नाई तरी येते.' विजयदुर्गाहून लिहिलं, 'काल म्या सुकाणू धरलं, हे झोपले होते, उठवलं नाई.' आणखी एका कार्डावर, 'तांडेलबाबा म्हणे, बाई, तुहा हात घट्ट हाय पण दर्याचं काम घट्ट हाताचं नाई.' मी ही कार्डं आईला वाचून दाखवायचो आणि मग लाल शाईनं त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ठेवायचो. मास्तरकीची खोड, दुसरं काय. त्या कार्डांमध्ये माझी बहीण पहिल्यांदाच आपल्या मर्जीनं जगत होती हे माझ्या लाल शाईला दिसलं नाही.

दहा-बारा कार्डं आली असतील, आणि मग तार आली. 'कौसल्या जखमी. या.' मी मलकापूरला रेल्वे धरली, मुंबईहून घाट उतरणारी एस.टी., असा दोन दिवसांनी दाभोळच्या अलीकडच्या एका खाडीवरच्या दवाखान्यात पोचलो. पुंडलिकराव व्हरांड्यात उभे होते, दाढी वाढलेली, अंगात मळका सदरा. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. सकाळी भरतीच्या वेळी होडी धक्क्याला लावली होती. तेव्हा पाणी धक्क्याच्या काठाशी आलेलं असतं. ओहोटी लागली की तेच पाणी दोन पुरुष खाली जातं, आणि होडी त्याच्याबरोबर खाली जायला पाहिजे, म्हणून दोर सैल ठेवायचा असतो. इथं दोन्ही दोर आखूड, ताणून बांधलेले. पाणी खाली गेलं, होडी दोरांना लटकली, कलंडली, एक दोर तुटला. आत कौसा झोपलेली होती. गोड्या पाण्याचं पिंप तिच्या उजव्या पायावर गेलं. गुडघा आणि खालचं हाड, दोन्ही. "दोर कोणं बांधला?" मी विचारलं. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्याच बांधला, दादा. आखूड बांधला. चुकलंच."

पुढे मी जे बोललो ते इथं पुरतं लिहिणार नाही. व्हरांड्यात रोगी होते, त्यांचे नातेवाईक होते. "चार वर्षं दर्याकाठी राह्यले, धक्के बांधले, अन् होडी बांधता येत नाई?" एवढं आठवतं. "माही बहीण काय तुमच्या खडीचं ब्रास हाय, कुठीही टाकून द्यायले?" हेही आठवतं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि मधूनमधून 'हो' म्हणत राहिले. दाराआड खाटेवर कौसा होती. मी आत गेलो तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, कळा येत असतील.

कौसाचा पाय जुळला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. काठी आली ती आलीच. पुंडलिकरावांनी नोकरी सोडली आणि बायकोला घेऊन उंद्रीला परतले. आल्या आल्या मी त्यांना आमच्या गावी, आईसमोर बोलावून घेतलं. आमचं गाव उंद्रीच्या शिवाराला लागूनच आहे. देवघरासमोर पाट मांडला, बेलाचं पान आणि भंडारा त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि माझ्या बहिणीला पुन्हा कधी होडीत बसवणार नाही आणि स्वतःही बसणार नाही, असा शब्द घेतला. बेलभंडार उचलून दिलेला शब्द आमच्याकडे अजून मोडत नाहीत. आई म्हणाली, "ज्यानं घेतला त्यानंच सोडला तं सुटते, नाई तं नाई." पुंडलिकराव माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, शिकलेला माणूस, सरकारी हुद्द्यावर राहिलेला. त्यांनी हातावरची हळद धोतराला न पुसता तशीच मुठीत धरली आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून मी त्यांना जवाईबापू म्हटलं नाही. सात वर्षांत त्यांच्या घरी जेवलो नाही. कौसाला भेटायला गेलो तर पाणीसुद्धा उभ्यानं प्यायलो.

त्या सात वर्षांत त्यांनी भाजीपाला केला. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. शेती काही वाईट केली नाही, पण गावाला ते कायम गमतीचे वाटले. रोज सकाळी विहिरीच्या कठड्यावरून वाकून पाणी कुठपर्यंत आहे ते पाहायचे आणि आतल्या दगडावर खडूनं रेघ मारायचे. दुपारी वारा फिरला की हातातलं काम थांबवून तोंड वर करायचे. आणि कुठलाही दोर बांधला की गाठ मारण्याआधी कोपरापासून बोटांपर्यंत दोनदा मोजून तेवढी ढील ठेवायचे. कपडे वाळत घालायची दोरी जमिनीला टेकायची. गाय बांधायचे ती इतकी सैल की तिनं एकदा शेजारणीच्या सुपातला निवडलेला सांभार साफ केला. शेजारीण भांडायला आली तर म्हणाले, "तिले हालाले जागा पाह्यजे, वहिनी." तेव्हापासून ते दर्याबापू झाले. मला हे ऐकून समाधान वाटायचं. एका चुकीनं माणूस पुरता वाकला, असं मी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सांगितलंही आहे.

होडी मात्र त्यांनी विकली नव्हती. तो म्हातारा तांडेल पावसाळ्याआधी तिला वर ओढून शाकारून ठेवायचा आणि नारळी पौर्णिमा झाली की कोणाकडून तरी एक कार्ड लिहवून पाठवायचा, 'होडी बरी आहे.' बस, एवढंच. ही कार्डं पुंडलिकराव भिंतीवरच्या नकाशामागे खोचून ठेवायचे. तोच नकाशा, मी दिलेला. त्यावर वेंगुर्ल्यापासून पेन्सिलीची रेघ वर येते आणि दाभोळच्या अलीकडे थांबते.

या वर्षी पोळ्याला मी गावी गेलो होतो. आई जाऊन दोन वर्षं झाली, शेत बटाईनं दिलं आहे, पण पोळ्याला बैलांपुढे घरचं माणूस पाहिजे म्हणून मी जातो. मिरवणूक आटोपली, पुरणपोळीचा घास चारून झाला आणि मी बैल गोठ्यात बांधत होतो. कौसा सणाला आली होती. एकटीच, कारण मी असणार म्हणून पुंडलिकराव नेहमी घरीच थांबायचे. ती काठी टेकत गोठ्याच्या दारात आली आणि म्हणाली, "दादा, आजच्या दिवस तरी दावं आखूड बांधू नको." मी सणाचा दिवस असूनही फटकन बोललो. "दावं कसं बांधावं ते मले नको शिकवू. तुह्या नवऱ्याले शिकवलं असतं तं पाय वाचला असता." ती गव्हाणीच्या कडेवर बसली, न वाकणारा पाय समोर लांब केला आणि म्हणाली, "तो दोर म्या बांधला होता, दादा."

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्या सकाळी पुंडलिकराव पाणी आणायला आणि मला कार्ड टाकायला गावात गेले होते. जाताना सांगून गेले, दोर ढिला ठेवजो, पाणी उतरते. "ढिला ठेवला तं होडी दगडाले घासून राह्यली होती. मले वाटलं, आखूडच बरा. दोन वेढे, एक गाठ, अन् ओढून घट्ट. तू शिकवला तसा." मी शिकवला होता, ही गोष्ट खरी. ती दहा वर्षांची असताना तिनं एकदा बैलाचं दावं लांब ठेवलं, बैलाचा पाय त्यात अडकला आणि तो पडून लंगडा झाला. मी तिला दोन थोबाडीत दिल्या आणि त्याच गोठ्यात उभं करून दहा वेळा गाठ मारायला लावली. दोन वेढे, एक गाठ, दोर आखूड, तोंड गव्हाणीपर्यंत पोचलं की बस. माझी शिकवण मुलं विसरत नाहीत याचा मला अभिमान आहे... होता, असं लिहायला पाहिजे.

"मंग सात वर्षं बोलली काऊन नाई?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू दवाखान्यात आला तवा हे तुले सांगूनच बसले होते. मंग मले म्हणाले, तुह्या घरचे तुले जलमभर येडी म्हणतीन, मले चार दिवस म्हणतीन, म्हणू दे. त्याइचे चार दिवस काही सरले नाईत. अन् खोटं काऊन बोलू, मलेही ते बरंच पडलं. माय गेली तवा सांगाचं होतं, धीर नाई झाला." मग तिनं मुद्द्याची गोष्ट काढली. तिला पुढचा किनारा पाहायचा होता. पाय असा असला तरी होडीत बसून सुकाणू धरता येतं, तिनं विचार करून ठेवला होता. पुंडलिकरावांना तर रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं, पण ते हलणार नव्हते. "तुह्या बेलभंडारावर बसून हायेत," ती म्हणाली. "तू फकस्त त्याइले 'जा' म्हण. माफीबिफी नको मागू, त्याइले लाज वाटते. दिवाळीनंतर वारा चांगला असते." मी म्हणालो, येत्या रविवारी येतो.

येत्या रविवारी मी गेलो नाही. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका काढायच्या होत्या. त्या शनिवारीच काढून झाल्या होत्या, हे मीच सांगून टाकतो. दुसऱ्या रविवारी गेलो. उंद्रीच्या फाट्यावर उतरलो आणि सडकेच्या कडेला उभा राहिलो. त्यांचं शेत तिथून दिसतं. ते विहिरीच्या कठड्यावर वाकले होते, पाठ माझ्याकडे होती. काय बोलायचं ते मी गाडीत पाठ करत आलो होतो. 'जवाईबापू' या शब्दानं सुरुवात करायची होती आणि सात वर्षांत तो शब्द माझ्या तोंडाला पारखा झाला होता. व्हरांड्यातलं माझं बोलणं आठवत होतं, शब्द न् शब्द. मी पन्नाशीचा माणूस, हजार पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेला, एका शेताच्या बांधापाशी उभा राहून घामाघूम झालो. समोरून चिखलीकडची गाडी आली. तीत चढलो आणि मोठा वळसा घालून बुलढाण्याला परत आलो. त्यानंतरच्या रविवारांना मी कारणंही शोधली नाहीत. दिवाळीला अवकाश आहे, एवढंच म्हणायचो. आणि पाचव्या आठवड्यात, शनिवारी, कंडक्टर फाटकाशी आला.

उंद्रीला पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. चेहरा नेहमीसारखा, काहीतरी ऐकून घेत असल्यासारखा. मी पायाशी बसलो. लोकांनी मला जागा करून दिली, गुरुजी आले, गुरुजी आले असं कोणी म्हणालं. ज्यानं त्यांना सात वर्षं जमिनीला बांधून ठेवलं त्याला लोक आदरानं जागा देत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी ओरडलो नाही. कौसा भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

तेरवीपर्यंत मी तिथंच राहिलो. त्या घरात सात वर्षांनी जेवलो, त्यांच्या तेरवीचं. पाहुणे पांगले, भांडी धुऊन झाली, आणि दुपार उलटता आम्ही दोघंच ओसरीवर उरलो. समोर नकाशा. मी न राहवून म्हणालो, "मी एकदा फाट्यापर्यंत आलो होतो, कौसा." ती म्हणाली, "मालूम हाय. त्याइनं पाह्यलं होतं तुले." मला वाटलं होतं त्यांची पाठ होती. विहिरीच्या पाण्यात सडक दिसत नाही, पण गाडी थांबल्याचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं होतं, मी फाट्यावर उतरलो तेव्हाच. "घरी आले अन् म्हणाले, चहा ठेव, दादा येऊन राह्यले. म्या ठेवला. तीन कप. मंग म्हणाले, काही काम निघालं असंन, मांगून येतीन." मी विचारलं, त्यांना ठाऊक होतं का, मला कळलं आहे ते. "पोळ्याहून आली त्याच दिवशी सांगतलं. रागावले नाईत. म्हणाले, बरं केलं, मंग आता ते येतीन. दर रविवारी दाढी करत."

दर रविवारी दाढी करत... हे वाक्य मी गेले काही आठवडे घेऊन फिरतो आहे. वर्गात फळ्याकडे वळलो की ते येतं. रविवारी सकाळी आरशासमोर तर येतंच. त्यांना माफी नको होती, खुलासा नको होता, त्यांच्या खरेपणाचा डंका नको होता. त्यांना दिवाळीनंतरचा वारा हवा होता आणि तो माझ्या एका शब्दापलीकडे होता. मी तो शब्द लाजेखातर खिशात ठेवला. राग मी त्यांच्यावर भरभरून केला, तोही चारचौघांत. शब्द सोडायची वेळ आली तेव्हा मात्र मला एकांत, मुहूर्त आणि योग्य वाक्य पाहिजे होतं.

त्या दुपारी मी कौसाला म्हणालो, "तू जाय. मी सोडतो शब्द. तांडेलबाबाले मी पत्र लिहितो, मी सोडाले येतो खाडीपर्यंत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मले नको म्हणू," ती म्हणाली. "तुह्या बेलभंडारात मी नव्हतीच. मले कोणीच विचारलं नव्हतं. जाचं असंन तं मी जाईन, नाई तं नाई. ज्याले 'जा' म्हणाचं होतं तो माणूस गेला." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. रागाला उत्तर देण्यात मी तरबेज आहे.

ऊन कलल्यावर गाय घरी आली. रोज तिला पुंडलिकराव बांधायचे. कौसा उठायला लागली तेव्हा मी म्हणालो, बस तू, मी बांधतो. खुंट्याशी वाकलो. दोन वेढे, एक गाठ, हात आपोआप चालले आणि दोर ओढून घेतला गेला. गाईनं मान खाली घातली ती अर्ध्यावरच अडकली. मागे काठीचा आवाज आला. मी गाठ सोडली. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात मोजला, दुसरा मोजला, आणि पुन्हा गाठ मारायला लागलो, तर ती मागून म्हणाली, "त्याइचा हात तुह्यापेक्षा लांब होता, दादा. अजून सोड."

मी अजून थोडा सोडला.